शेठचं कार्ड

आमच्या घरात शेठ म्हणजे माझा धाकटा भाऊ. पगार बेताचा, मिशी आत्ता कुठे नीट फुटलेली, पण चौघांत बसून खाल्लं-प्यायलं की बिलावर झडप घालणार हाच. खिशातून कार्ड काढायचा आणि वेटरकडे न बघताच पुढे करायचा. मित्रांनी नाव ठेवलं शेठ, आणि ते बघता बघता घरात शिरलं. आईनेही ते उचललं, आधी चेष्टेने आणि मग कौतुकाने. ते कौतुक माझ्या डोक्यात जायचं, खोटं कशाला बोलू.

आता यातली मेख सांगते. बिल शेठ भरायचा, पण मित्र आपापल्या वाट्याची रोकड लगेच त्याच्या हातात ठेवायचे. कार्डाचं बिल यायला महिना असायचा. तोवर खिसा गरम. पुढे त्याने हीच युक्ती कामावर नेली. तो मोबाइलच्या दुकानात सेल्समन. कार्डावर फोन घेतला तर बँकेची सवलत, रोखीने घेतला तर पूर्ण किंमत, असा तिथला मामला. आणि निम्म्या गिऱ्हाइकांकडे कार्डच नसतं. मग शेठ हळूच म्हणायचा, "रोख माझ्याकडे द्या, माझ्या कार्डावर घेऊ. सवलत तुमची, पॉइंट माझे." गिऱ्हाईक खूश, शेठ खूश.

एका कार्डाची तीन कार्डं झाली. नातेवाइकांना कळलं तसे तेही रांगेला लागले. कुणाला फ्रिज घ्यायचा, कुणाला मुलाच्या क्लासची फी भरायची. सगळ्यांची रोकड शेठच्या हातात आणि सगळ्यांच्या तोंडी शेठचं नाव. पॉइंटांवर आमच्याकडे मिक्सर आला, मला एक बॅग आली. मी फार नाकं मुरडली, पण बॅग वापरते.

"ही रोकड तू वेगळी ठेवतोस ना रे?" मी एकदा विचारलं होतं.

"ताई, तू चेन उसव. हे तुझ्या डोक्यावरून जाईल."

मी चेन उसवली. माझं आणि आईचं घरीच कपडे दुरुस्तीचं काम आहे. वडील गेल्यापासून घर त्यावरच चाललंय. पुढच्या खोलीत दोन मशिनं, इस्त्रीचं टेबल आणि दुरुस्तीला आलेल्या कपड्यांचे ढीग. कुणाची पँट आखूड करायची, कुणाचा कोट पोटावर सैल करायचा. आईने घातलेली दुमड उलटून पाहिली तरी टाका सापडत नाही. तिला दिसतं मात्र एकाच डोळ्याने. डावा लहानपणापासून अधू, त्याने तिला फक्त उजेड आणि अंधार कळतो. आमचा सगळा संसार तिने उजव्या डोळ्यावर शिवलाय.

त्या दिवशी सकाळी ती सुईत दोरा ओवत होती आणि मध्येच थांबली.

"अगं, दिवा गेला का?"

"नाही. का?"

"मग हे खालून काळं काय चढतंय?"

मी तिच्या हातातली सुई काढून घेतली. ती मान तिरकी करून माझा चेहरा शोधत होती, आणि तिला माझं कपाळ दिसत होतं पण हनुवटी दिसत नव्हती. मी मशीनवरचं कापड तसंच टाकलं, तिला चपला घातल्या आणि रिक्षात बसवलं. वाटेत ती सारखी म्हणत होती की थकवा असेल, जरा पडलं की बरं वाटेल. मी तिला गप्प बस म्हणाले.

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी बराच वेळ आईच्या डोळ्यात उजेड मारून पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"आतला पडदा सुटत चाललाय. मधला भाग अजून चिकटून आहे, तो सुटायच्या आत ऑपरेशन व्हायला हवं. आज. उद्यावर टाकलंत तर नंतर काही करूनही दिसेलच असं मी सांगू शकत नाही."

"आज म्हणजे कधी?"

"दुपारी मी दुसऱ्या दवाखान्यात जाते. त्याआधी. खाली काउंटरवर निम्मी रक्कम भरा, बाकीची सुट्टी देताना. पैसे भरल्याशिवाय ते थिएटरची तयारी करत नाहीत. तो नियम माझ्या हातात नाही."

निम्मी रक्कम म्हटली तरी आमच्या काही महिन्यांची कमाई होती. पण पैशांचं मला टेन्शन आलं नाही. एका शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आम्ही दोघींनी नुकतंच संपवलं होतं, कंबर मोडेपर्यंत बसून, आणि त्याचे पैसे नव्या मशीनसाठी बाजूला काढले होते. बाजूला म्हणजे अर्थातच शेठकडे. मशिनावर सवलत लागली की तो कार्डावर घेणार होता. मी त्याला फोन लावला, आईचं सांगितलं आणि म्हणाले, "मशीनचे पैसे घेऊन ये. सगळे."

पलीकडून नुसता दुकानातला गलका ऐकू येत होता.

"ऐकतोयस ना?"

"हो. आलोच."

आला तोही झटकन. आईला वर नेलं होतं, तिच्या डोळ्यात थेंब घालायला सुरुवात झाली होती. शेठ जिना चढून वर गेला नाही, सरळ काउंटरकडे वळला. मी त्याच्या मागे. अंगात दुकानाचा टी-शर्ट, मानेवर घाम. हातात पिशवी, पाकीट, काहीच नव्हतं.

"पैसे?"

"कार्डाने भरतो."

"अरे, रोख आहेत ना आपल्याकडे? ते दे आणि मोकळा हो."

"ताई, हल्ली एवढी रोख कोण घेऊन फिरतं? शिवाय पॉइंट मिळतील."

आईचा डोळा चाललाय आणि याला पॉइंट सुचतायत, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण काउंटरवरच्या बाईने मशीन पुढे केलं आणि मी गिळलं. शेठने कार्ड घातलं, आकडे दाबले. मशीन जरा वेळ विचार करत बसलं आणि मग एक आखूड सूर काढला.

"होत नाहीये," बाई म्हणाली.

त्याने दुसरं काढलं. पुन्हा तोच सूर. तिसरं काढताना त्याच्या बोटांतून ते खाली पडलं. त्याने वाकून उचललं, टी-शर्टला पुसलं आणि मशीनमध्ये घातलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण शेठ कार्ड कधी टी-शर्टला पुसत नसे.

"हेही नाही."

"तुमच्या इथे नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे," शेठ म्हणाला.

बाईने आम्हाला हाताने बाजूला व्हायला सांगितलं आणि मागच्या माणसाचं कार्ड घेतलं. मशीनने पावती सोडली. तो माणूस पावती घडी करत निघूनही गेला. मी शेठकडे बघितलं. तो माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होता.

"बँकेत फोन करून येतो. इथे आवाज येत नाही. पाच मिनिटं," म्हणाला आणि काचेच्या दारातून बाहेर गेला. त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला. बँकेला फोन करायला गाडी कशाला लागते?

मी त्याला फोन केला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा बंदच लागला. राग नंतर आला, आधी भीतीच वाटली. आणि खरं सांगायचं तर भीती आईच्या डोळ्याची होती तितकीच याची होती की हा पळाला.

रडत बसायला वेळ नव्हता. मी मावशीला फोन लावला. मावशी माणूस मोठ्या मनाची, अडल्यानडल्याला धावून येणारी.

"अगं बाई," सगळं ऐकून ती म्हणाली, "दिले असते गं, पण माझ्याकडचे सगळे तर शेठकडे आहेत. फ्रिजचे. तुझ्या काकांनी बँकेतून काढून दिले त्याला, महिना झाला. सवलत लागली की आणतो म्हणाला. त्यालाच सांग ना, ते वापर म्हणावं. फ्रिज काय, नंतर घेऊ."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ताईचं ऑपरेशन होतंय ना पण? पैसे आहेत ना त्याच्याजवळ?" मावशीच्या आवाजात आता काहीतरी निराळं आलं होतं.

"आहेत. आहेत गं. तो वाटेत आहे, म्हणून तुला विचारलं," मी म्हणाले. हे माझ्या तोंडून कसं आलं मला माहीत नाही. तिला खरं सांगितलं असतं तर ती काकांना सांगणार, काका दुकानावर जाणार, आणि तिथून पुढे जे काही व्हायचं ते आईला थिएटरात नेण्याआधी होणार.

धाकट्या काकांना फोन केला. त्यांच्या मुलाच्या क्लासची फी शेठकडे. आमच्या शेजारच्या बटणवालीला केला, जिच्या दुकानातून मी दोरे-चेन आणते. ती म्हणाली, "अय्या, तुला माहीत नाही? मी टॅबसाठी त्याच्याकडे दिलेत की. मोठा गुणी आहे तुझा भाऊ." ज्याला फोन करावा त्याचे पैसे माझ्या भावाकडे. जणू सगळ्यांनी मिळून एकच घागर भरली होती, आणि ती बुडाशी फुटलेली आहे हे मला एकटीलाच दिसत होतं. प्रत्येकाला मी तेच सांगितलं. आहेत, येतोय, काळजी करू नका. तिसऱ्या फोनला माझा आवाज अडखळलाही नाही.

वर गेले तर आई बाकावर बसलेली. हिरवा गाऊन, डोक्याला टोपी, उजव्या भुवईवर शाईची खूण. थेंबांनी तिला समोरचं धुरकट झालं होतं. माझी चाहूल लागताच तिने हात पुढे केला.

"शेठ आला का?"

"आला."

"मग वर का येत नाही?"

"पैसे भरतोय खाली."

"काळं अजून वर आलंय गं," ती हळू आवाजात म्हणाली. "आता तुझं नाकही दिसत नाही."

तिने माझं बोट लहान मुलासारखं घट्ट धरून ठेवलं होतं. आई घाबरलेली मी कधी बघितली नव्हती, वडील गेले तेव्हाही नाही. नर्स दारातून डोकावली. "पैशांचं झालं का? अजून एक पेशंट आत जाणार, मग यांचा नंबर. नाहीतर मॅडम निघतील." मी होईल म्हणाले आणि जिना उतरले. उतरताना मी ठरवलं की काउंटरवरच्या बाईच्या पाया पडायचं. कानातलं काढून द्यायचं. काय वाटेल ते करायचं.

जिन्याच्या खालच्या वळणावर शेठ उभा होता.

हातात खाकी पाकीट. फुगलेलं. मला बघताच त्याने ते पुढे केलं. "घे. भर पटकन."

मी घेतलं. नोटा होत्या, रबर लावलेल्या. क्षणभर मला इतकं बरं वाटलं की त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. मग नोटांमधून दुकानाच्या कोटेशनचा एक कागद बाहेर डोकावला. वरती दोन फोनची नावं होती.

"हे आपले आहेत?"

त्याने तो कागद बोटाने आत ढकलला.

"हे मशीनचे पैसे आहेत का, मी विचारतेय."

"मशीनचे कधीच गेले, ताई."

"कुठे गेले?"

"कार्डात."

तो पायरीवर बसला. मी उभीच राहिले. वरून खालून माणसं येत-जात होती आणि आम्ही दबक्या आवाजात बोलत होतो, जसं घरातलं भांडण शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून बोलतात.

"आधी पूर्ण भरत होतो गं मी. शप्पथ. मग एकदा गाडी घेतली, तिचा हप्ता आला, आणि त्या महिन्यात बिलावर कमीत कमी म्हणून जो आकडा असतो तेवढाच भरला. काही झालं नाही. कुणी ओरडलं नाही. उलट बँकेने लिमिट वाढवून दिलं, वर अभिनंदनाचा मेसेज. मला वाटलं, असंच असतं. सगळे असंच करतात."

"आणि उरलेलं?"

"त्यावर व्याज. मग व्याजावर व्याज. मला कळेपर्यंत फार झालं होतं. मग याचं बिल आलं की त्याच्या फोनची रोकड त्यात. मावशीच्या फ्रिजचे पहिल्या कार्डात, मशीनचे दुसऱ्यात. याची टोपी त्याच्या डोक्यावर."

"आणि आता?"

"आता डोकी संपली."

मी विचारलं किती. त्याने आकडा सांगितला. मला वाटलं माझं ऐकण्यात काही चुकलं, म्हणून पुन्हा विचारलं. तो तीन वर्षं उपाशी राहिला असता, एक कपडा घेतला नसता, तरी फिटला नसता असा तो आकडा होता. याने त्यातून काय घेतलं होतं? एक गाडी, चार बूट, मित्रांना जेवणं आणि आम्हाला एक मिक्सर.

मी त्याच्या कानाखाली वाजवली. जिना उतरणारा एक माणूस थबकला आणि दुसरीकडे बघत निघून गेला. शेठने गालाला हात लावला नाही. त्याला ते हवंच होतं असं दिसलं, आणि त्यामुळे मला आणखी राग आला.

"हे कुणाचे आहेत?" मी पाकीट त्याच्या तोंडासमोर धरलं.

"एक मुलगा आहे. तो आणि त्याचा भाऊ पार्सल पोचवण्याचं काम सुरू करतायत. उद्यापासून. त्याला दोन फोन हवेत, फोनशिवाय ते काम मिळत नाही. त्याला म्हटलं, पैसे ठेवून जा, दुपारनंतर सवलत सुरू होईल, संध्याकाळी फोन ने."

"आणि संध्याकाळी काय देणार आहेस त्याला?"

"माहीत नाही."

"मालकाला कळलं तर?"

"पोलिसांत देईल."

"जा. परत देऊन ये. आत्ताच्या आत्ता."

त्याने माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले, पण आवाज शांत होता. "देतो. खरंच देतो. तू वर जा आणि आईला सांग."

तो मला धमकी देत नव्हता. त्याला दुसरं काही दिसतच नव्हतं, आणि मलाही दिसेना. मी पाकीट त्याच्या हातात कोंबलं. त्याने ते धरलं. आम्ही दोघंही हललो नाही. वरून नर्सची हाक आली, माझ्या नावाने नाही, "शिवणवाल्या आजींबरोबर कोण आहे?" अशी. आजी कुणाला म्हणतेय, माझी आई अजून पन्नाशीचीही नाही, असं काहीतरी खुळं माझ्या मनात आलं. मग मी पाकीट त्याच्या हातातून हिसकून घेतलं आणि काउंटरकडे गेले.

बाईने नोटा मोजायच्या मशीनमध्ये टाकल्या. फरफर आवाज झाला. थोडे कमी पडत होते, ते मी माझ्या पर्समधून घातले, कोपऱ्यातली चिल्लरसुद्धा. ती कोटेशनचा कागद मला परत देत म्हणाली, "हा तुमचा राहिला." मी तो चुरगळून बॅगेत टाकला. पॉइंटांवर आलेल्या बॅगेत.

आईला आत नेताना त्यांनी आम्हाला दारापर्यंत येऊ दिलं. शेठ माझ्या पाठीमागे उभा होता, पण आईने त्याचा वास ओळखला असावा.

"आलास?" तिने हात पसरला. त्याने तो धरला. "झालं ना रे सगळं?"

"झालं, आई."

"बघ," ती माझ्याकडे तोंड करून म्हणाली, म्हणजे तिला मी जिथे वाटले तिथे, "तू त्याला सारखी बोलतेस. आज शेठ नसता तर काय केलं असतं गं आपण?"

दार बंद झालं. वर लाल दिवा लागला.

आम्ही बाकावर बसलो, मध्ये एका माणसाची जागा सोडून. शेठने कोपरं गुडघ्यांवर टेकवली होती आणि चेहरा हातांत. त्याने फोन पुन्हा चालू केला होता, बहुतेक सवयीने. तो लगेच थरथरायला लागला. बाकावर पडून थरथरत होता आणि हळूहळू माझ्याकडे सरकत होता. बंद झाला. पुन्हा सुरू झाला.

"कोण आहे?"

"तोच मुलगा."

"उचल."

"नाही जमत. काय सांगू?"

"खरं सांग. सांग की आईचं ऑपरेशन होतं, पैसे वापरले, देतो."

"तो दुकानात जाईल. मालक मला बोलावेल. आत्ता, आई आत असताना."

फोन बंद झाला. मी सुटकेचा श्वास घेतला नाही तोच पुन्हा. असा न उचललेला फोन किती भयंकर असतो ते मला त्या दिवशी कळलं. पलीकडे कुणीतरी उभं असतं आणि प्रत्येक वेळी त्याचा विश्वास थोडा उडत असतो. आणखी एकदोनदा उचलला नाही तर तो पोरगा दुकानाची पायरी चढणार हे मला स्पष्ट दिसत होतं. मी फोन घेतला. खरं सांगायचं असं मी ठरवलं होतं, यावर कुणी विश्वास ठेवो न ठेवो. शब्दही जुळवले होते.

"हॅलो, शेठ?" आवाज कोवळा होता. आमच्या शेठपेक्षाही लहान असेल.

"मी त्यांची बहीण बोलतेय."

"ताई, नमस्कार. मघापासून करतोय. फोन कधी न्यायला येऊ? उद्या सकाळी आम्हाला कामावर बोलावलंय, आज सगळं त्यात भरून घ्यायचंय. भाऊ जरा घाबरलाय माझा, म्हणून विचारतो."

मी तोंड उघडलं. समोर तो लाल दिवा होता.

"अहो, बँकेकडून मंजुरी यायला वेळ लागतोय," मी म्हणाले. "सवलतीच्या दिवशी गर्दी असते ना. सगळ्यांचंच अडकलंय."

"आज होईल ना पण?"

"होणार म्हणजे होणार. संध्याकाळी दोन्ही घेऊन जा."

"मग मी दुकानात जाऊन मालकांना विचारू का एकदा?"

"नको, नको. त्यांना या कार्डाच्या भानगडीतलं काही कळत नाही. उगाच तुमचा वेळ जाईल. मी स्वतः बघते, हा माझा शब्द."

तो हसला. मोकळं, हलकं झाल्यासारखं हसला. "बरं झालं ताई, तुम्ही बोललात. भाऊ म्हणत होता पैसे बुडाले. त्याला सांगतो, शेठची बहीणच बोलली."

मी फोन खाली ठेवला. शेठ मान वर करून माझ्याकडे बघत होता. सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर जरा रक्त दिसलं.

"तुला कसं जमलं गं?" त्याने विचारलं.

मला स्वतःची लाज वाटायला हवी होती, आणि वाटली. पण लाजेच्या आधी हायसं वाटलं, आणि लाज गेल्यावरही ते हायसं वाटणं राहिलंच. त्याला पहिल्या महिन्यात असंच वाटलं असणार. कुणी ओरडलं नाही. काही झालं नाही.

संध्याकाळी दोन फोन. सुट्टी देताना उरलेली निम्मी रक्कम. त्यानंतर मावशी, काका, बटणवाली. पण ते नंतरचं. आधी संध्याकाळ. एवढी रोकड आज हातात असेल असं कोण आहे? मी एकेक नातं आठवत गेले, ज्यांना फोन झाले ते सोडून. मग मला मामेबहीण आठवली. नवीन घरात राहायला गेली होती, भिंतीवर लावायचा मोठा टीव्ही घ्यायचा होता, आणि मागे एकदा बोलता बोलता तिने शेठच्या कार्डाची चौकशीही केली होती.

लाल दिवा अजून तसाच होता. मी माझा फोन काढला, जरा बाजूला खिडकीपाशी गेले आणि नंबर लावला. तिने लगेच उचलला.

"अगं, मी बोलतेय," मी म्हणाले. "तुमच्या टीव्हीवर आजच्या दिवस चांगली सवलत आहे. रोख आहेत का हाताशी?"